एकास बहात्तर

आमच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये, गेली नऊ वर्षं एक युद्धनौका बांधली जात आहे.

गाव डोंबिवली. पूर्व. डोंबिवलीला समुद्र नाही. खाडी आहे, पण ती पश्चिमेला, आणि पूर्वेच्या माणसाला पश्चिमेची कुठलीही गोष्ट नसल्यातच जमा असते. तेव्हा ही नौका पाण्यात कुठे सोडणार, असं पहिल्या वर्षी सोसायटीत एकाने विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं. ते पावणेदोन तास चाललं. त्यानंतर कुणी विचारलेलं नाही.

मला या जहाजाचा सुगावा लागला तो टॉवेलवरून. आम्ही नवीन राहायला आलो होतो. जुलैचे दिवस. आमच्या गॅलरीत वरून एक टॉवेल येऊन पडला. दुसऱ्या दिवशी गाऊन. तिसऱ्या दिवशी डबलबेडची चादर अशी काही अंगावर आली की मी गॅलरीतल्या गॅलरीत दिशा हरवून बसलो. चादर घेऊन वर गेलो. काकूंनी दार उघडलं, चादर घेतली आणि अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, "काय करू हो, घरात एक चिमटा शिल्लक नाही."

चिमटे हॉलमध्ये होते. डायनिंग टेबलवर लाकडाचा एक लांबोडका सांगाडा पालथा पडला होता आणि त्याला दोन्ही अंगांनी कपडे वाळत घालायचे चाळीस-पन्नास चिमटे चावले होते. अंगावर शहारा आलेलं साळिंदर असावं तसं ते दिसत होतं. साळिंदराच्या पलीकडून चष्म्यावर भिंग चढवलेला एक चेहरा वर आला.

"हात लावू नका. फेव्हिकॉल ओला आहे."

हे जहाजवाले काका. त्यांना खरं आडनाव आहे, दारावर पाटीही आहे, पण कुरिअरवालासुद्धा खाली वॉचमनला "ते जहाजवाले कुठे?" असंच विचारतो.

निवृत्त माणसं आमच्याकडे नाना तऱ्हेची आहेत. पहाटे बाकावर बसून देश चालवणारे आहेत, होमिओपॅथीच्या गोळ्या फुकट वाटून माणसं जोडणारे आहेत, पाण्याच्या टाकीच्या चावीवर हुकमत गाजवणारे आहेत. जहाजवाला ही जात त्या मानाने विरळ. पण एक लक्षात आल्यावर बाकीचेही दिसू लागतात. आतापर्यंत माझ्या माहितीत मुलुंडला दोन, ठाण्याला एक आणि विलेपार्ल्यात एक असे सापडले आहेत. चौघांच्याही बायकांना एकमेकींचे फोन नंबर पाठ आहेत.

यातला कुणीही दर्यावर्दी नाही. आमच्या काकांचा समुद्राशी आलेला संबंध म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, ऐंशी-ब्याऐंशी सालची, आणि त्या प्रवासाची आठवण काकू जेवताना काढू देत नाहीत. सुतारकामही कधी केलेलं नव्हतं. काका बँकेत होते, चौतीस वर्षं. संध्याकाळी हिशेबात एक रुपया चौदा पैशांचा फरक आला म्हणून सगळ्या शाखेला साडेनऊपर्यंत बसवून ठेवणारे. तो फरक शेवटी सापडला तेव्हा लोकांनी त्यांचे आभार मानले नाहीत, ही खंत अजून आहे.

आणि जहाजाचं मूळ त्या हिशेबातच आहे. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी त्यांना काचेच्या पेटीतलं शोभेचं गलबत दिलं. घरी येऊन काकांनी ते निरखून पाहिलं. एक दोरी डोलकाठीच्या टोकावरून निघाली होती आणि कुठेच पोचत नव्हती. नुसती मध्ये येऊन चिकटवली होती. "म्हणजे जमा आहे, पण नावे नाही!" काका मला आजही तितक्याच संतापाने सांगतात. त्या रात्री ते झोपले नाहीत. जहाजावरची प्रत्येक दोरी कुठून निघते, कशातून जाते आणि कुठे बांधली जाते, हे सकाळपर्यंत त्यांच्या डोक्यात घुसलं होतं. ते अजून बाहेर पडलेलं नाही. शोभेचं गलबत भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून गेलं.

बांधायचं कुठलं, यावर सोसायटीचं वेगळं मत होतं. आमच्या इमारतीत इतिहासप्रेमी पुष्कळ. "इंग्रजांचं जहाज कशाला? आंग्रे काय मेलेत का?" असं एकाने गणेशोत्सवाच्या सभेत विचारलं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, हे काकांनी आधी नोंदवून घेतलं आणि मग म्हणाले, "त्यांच्या गुराबेचा मापं लिहिलेला नकाशा आणून द्या. उद्या सकाळी लाकूड कापतो." नकाशा कुणी आणून दिला नाही. तरी काकांना आपल्या बाजूला 'आपलं' काहीतरी हवंच होतं, म्हणून त्यांनी शोधून शोधून मुंबईत बांधलेलं जहाज काढलं: त्रिंकोमाली. दूधवाला त्याला आजही 'तिरुमला' म्हणतो.

या जहाजाची कुंडली तुम्हाला सांगायची तर मी काकांच्याच तोंडून सांगतो, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती मी ऐकलेलीच नाही. नेपोलियनशी लढता लढता इंग्रजांची ओकची झाडं संपत आली. आपल्याकडे मलबारचा साग होता आणि मुंबईच्या गोदीत वाडिया होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या गोदीचे वस्ताद तेच. इंग्रजी आरमाराने एका फ्रिगेटची मागणी नोंदवली आणि नकाशा 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला रवाना केला. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे 'जावा'ला अमेरिकेचं 'कॉन्स्टिट्यूशन' आडवं आलं. लढाई झाली, 'जावा' हरलं, जळालं, बुडालं.

"नकाशा बुडाला!" इथे काका थांबतात. दोनशे वर्षांपूर्वीची बातमी असते, पण त्यांचा चेहरा असा होतो की आपणच रजिस्टर पोस्टाची पावती सांभाळून ठेवायला हवी होती असं वाटू लागतं.

त्याच 'जावा'वर मुंबईला सेनापती म्हणून निघालेला हिस्लॉप होता. तो कैदी झाला, सुटला, आणि पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांवर चालून आला. "माणूस वाचला, नकाशा गेला," काका म्हणतात. "उलट झालं असतं तर..." हे वाक्य त्यांनी कधी पूर्ण केलेलं नाही. मराठेशाहीच्या दृष्टीने की फ्रिगेटच्या, हेही मी विचारलेलं नाही.

मग दुसरा नकाशा आला, १८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी जहाज बांधायला घेतलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं. त्यानंतर चोविसाव्या दिवशी खडकीची लढाई. पेशवाई बुडायला आणि त्रिंकोमाली तरंगायला एकच मुहूर्त लागला, हा काकांचा लाडका विनोद. यावर हसलं तर ते आणखी एक तास बसवून घेतात, न हसलं तर परत समजावून सांगतात.

काकांनी स्वतःचा नकाशा ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयातून मागवला. यायला अडीच महिने लागले. काकू दर दोन दिवसांनी खाली जाऊन टपालपेटी बघून यायच्या, काका शांत. "आपला उशिरा येतोय. त्यांचा तर बुडालाच होता."

आता प्रमाण. हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण वरच्या घरातला सगळा संसार याच आसावर फिरतो. जहाज एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या जहाजाचे बहात्तर इंच, तो इथे एक इंच. खऱ्या त्रिंकोमालीचा तोफांचा मजला दीडशे फूट लांब. काकांचा पंचवीस इंच. खरा दोरखंड इंचभर जाडीचा असेल तर इथे तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. साडेपाच फुटी खलाशी नखाच्या पेराएवढाही होत नाही. हे गणित काकांच्या रक्तात इतकं मुरलंय की भाजीवाल्याकडे भेंडी हातात घेतली तरी त्यांना तिच्यात नऊ फुटी तोफेपेक्षा कितीतरी लांब असं काहीतरी दिसतं.

काकूंनी मात्र हे गणित वेळेला लावलं.

"पाच मिनिटांत जेवायला येतो म्हणाले," एकदा त्या मला म्हणाल्या, "म्हणजे एकास बहात्तर. तीनशे साठ मिनिटं. सहा तास." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून त्यांनी भाताचा कुकर उतरवून ठेवला. काका सव्वासहा तासांनी उठले.

काकूंच्या हातात दुसरं हत्यार तारखेचं. "जमशेटजींनी खरं जहाज दीड वर्षात पाण्यात सोडलं," हे त्या फार क्वचित बोलतात, पण नेमकं पाहुणे असताना. काकांचं उत्तर ठरलेलं: "त्यांच्या हाताखाली सुतार किती होते, ते विचार की." "आणि त्यांच्या बायकोच्या हाताखाली डायनिंग टेबल होतं," असं काकू म्हणतात. टेबल नऊ वर्षं गोदीत आहे. त्या घरात सगळे मांडीवर ताट घेऊन जेवतात.

लाकडापायी काकांनी जे केलं ते मुलुंड-ठाण्याच्या जाणकारांनाही पसंत नव्हतं. जाणकार सांगतात की छोट्या प्रतिकृतीला साग घेऊ नये. सागाचे तंतू जाड. बहात्तर पटींनी लहान केलेल्या जहाजावर ते ओंडक्याच्या सालीसारखे दिसतात. शिवाय साग तेलकट, त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. नासपतीचं, अक्रोडाचं लाकूड घ्या. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मूळ सागाचं आहे. मी अक्रोड लावला तर ती खोटी नोंद होईल."

साग मिळाला गिरगावात. काका जन्मले ती चाळ पाडत होते. काकांनी कंत्राटदाराला चहा पाजून आपल्या खोलीच्या दाराची चौकट मिळवली आणि ती लोकलच्या मालडब्यातून आणली. घरी येऊन कळलं की चौकट बर्मा टीकची. जहाज मलबारी सागाचं. यावर तीन आठवडे मंथन झालं. अखेर काकांनी वहीत लिहिलं, 'साग, सबब मान्य', खाली सही केली आणि काम सुरू केलं. गोंद धरेना. मग कुणीतरी सांगितलं की फळीवरचं तेल अ‍ॅसिटोनने पुसून काढावं, आणि अ‍ॅसिटोन म्हणजे नखांचा रंग काढायचं द्रव्य. त्यासाठी अडुसष्ट वर्षांचा हा माणूस फडके रोडच्या एका बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात दर पंधरवड्याला जाऊ लागला. पहिल्या वेळी मुलीने विचारलं, "काका, पॉलिश पण दाखवू? कुठला शेड?" काका म्हणाले, "साग." आता ती मुलगी त्यांना बघताच बाटल्या काढून ठेवते, आणि कधी नव्हे ते त्या दुकानात दुपारच्या वेळी सागवानावर चर्चा होते.

पातळ फळी वाकवायची तर ती भिजवावी लागते. त्यासाठी काकांनी प्लंबरकडून पाच फुटी पीव्हीसी पाइप आणला, एक तोंड बंद केलं आणि तो बाथरूमच्या कोपऱ्यात कढत पाणी भरून उभा ठेवला. त्या पाइपला आंघोळीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एकदा तरी काहीतरी समजून उघडलेलं आहे. तोफांसाठी सोसायटीतल्या सगळ्या मुलांनी पेनांच्या संपलेल्या पितळी रिफिली जमवल्या. नऊ फुटी तोफ म्हणजे दीड इंच, आणि रिफिलीचा जाड भाग कापला की तोफेच्या बुडाची जाडी जवळजवळ तंतोतंत जमते. हा शोध लागला त्या संध्याकाळी काका स्वतः खाली येऊन आम्हाला आइस्क्रीम देऊन गेले. दोरखंड वळायला काकूंचं शिलाई मशीन गेलं. मोटर, चाक, पट्टा, सगळं. त्यावर तीन पदरी दोर वळला जातो, मग मेणातून ओढला जातो. काकूंनी ब्लाउज शिंप्याकडे टाकायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

चांदीच्या खिळ्याची गोष्ट काकू सांगतात, काका नाही. जहाजाचा कणा ठेवताना त्यात चांदीचा खिळा ठोकायची पारशी वस्तादांची पद्धत. त्रिंकोमालीच्या कण्यातही तो ठोकला होता. काकांनीही खिळा ठोकला. मुहूर्त पाहून, नारळ फोडून, आम्हाला पेढा देऊन. चांदी कुठली ते कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी काकू घरातली जुनी चांदी सराफाकडे वजन करायला घेऊन गेल्या, तेव्हा मुलाच्या बारशाचा एक वाळा दुसऱ्यापेक्षा गुंजभर हलका भरला. सराफ म्हणाला, झीज असेल. काकूंनी घरी येऊन टेबलाखाली वाकून जहाजाच्या पोटाकडे पाहिलं. "बोलले नाही काही," त्या म्हणाल्या. "मुलगा बोस्टनला. वाळा काय घालणार होता तो?"

बोस्टन. हा म्हणजे नियतीने काकांना मुद्दाम काढलेला चिमटा. कारण 'जावा'ला बुडवणारं ते 'कॉन्स्टिट्यूशन' आजही पाण्यावर आहे, आणि ते बोस्टनच्या गोदीत उभं आहे. मुलाने बिचाऱ्याने उत्साहाने त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि बाबांना पाठवला. काकांनी चार दिवस त्याचा फोन घेतला नाही. नातवाच्या वेळी दोघं तिकडे सहा महिने राहिले, तेव्हा मुलगा एका रविवारी त्यांना गोदीत घेऊन गेला. काका धक्क्यावर पाठ करून उभे. "मी त्या जहाजावर पाय ठेवणार नाही." काकू सांगतात की हा बहिष्कार अकरा मिनिटं टिकला. मग एका दोरीचं टोक कुठे बांधलंय ते धक्क्यावरून दिसेना म्हणून ते फक्त तेवढंच बघायला वर गेले, आणि बंद व्हायच्या वेळी गणवेशातला खलाशी त्यांना हाताला धरून खाली घेऊन आला. त्याला काकांनी जाता जाता नकाशाबद्दल ऐकवलं म्हणे. तो फार सभ्यपणे 'सॉरी सर' म्हणाला. काका म्हणतात, दोनशे वर्षांत पहिल्यांदाच अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली.

घरी जहाज बघायला येणारे पाहुणे हा काकांच्या आयुष्यातला खरा शत्रुपक्ष. "टायटॅनिक का?" हा पहिला वार. मग "किती दिवस लागले?" मग "कितीला जाईल?" मग, आवाज खाली आणून, "क्रॉफर्ड मार्केटला तयार मिळतात हो असली." बी विंगमधल्या वास्तुशास्त्रवाल्या बाईंनी जहाजाचं तोंड घराच्या आत हवं, म्हणजे लक्ष्मी आत येते, असं सांगून टेबल फिरवायला स्वतःहून हात लावला. काका किंचाळले. "ही फ्रिगेट आहे! लक्ष्मी आणत नाही, तोफा डागते!"

"डागल्या का कधी?" बाईंनी निरागसपणे विचारलं.

इथे काकांचं दुखरं बोट. त्रिंकोमालीने लढाईत तोफ डागलीच नाही. बांधून झाली तेव्हा नेपोलियन संपला होता. १८१९ मध्ये इंग्लंडला पोचली आणि १८४५ पर्यंत बंदरात नुसती राखून ठेवली.

"सव्वीस वर्षं!" बाई म्हणाल्या. "म्हणजे आपण आहेराची भांडी माळ्यावर टाकतो तसं." पुढे थोडी समुद्रात फिरली, क्रिमियाच्या युद्धात पॅसिफिकमध्ये गस्त घातली, मग नौकानयन शिकवायला तिचा वर्ग केला. १८९७ मध्ये मोडीत निघाली. एका हौशी गृहस्थाने ती मोडीतून सोडवली, नाव बदलून 'फूद्रोयां' ठेवलं, आणि १९८६ पर्यंत पुन्हा वर्ग, या वेळी मुलांचा. आता इंग्लंडात हार्टलपूलला डागडुजी होऊन, मूळ नाव परत मिळवून उभी आहे.

"मग एवढ्या आयुष्यात केलं काय तिने?" बाईंनी विचारलं.

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "टिकली. अजून तरंगतेय. तरंगणाऱ्यांत इंग्रजांची तिच्याइतकी जुनी युद्धनौका दुसरी नाही." आणि भिंग खाली ओढून कामाला लागले. चौतीस वर्षं एकाच बँकेत काढलेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं होतं कोण जाणे, मी तेव्हा उठलो.

सहाव्या वर्षी वरच्या घरात एकदम सामसूम झाली. कानस बंद, करवत बंद. तीन दिवस. आम्हाला वाटलं, काहीतरी बरंवाईट. मी वर गेलो. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"गेलं," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"मागचं."

माझ्या डोळ्यांसमोर काकांची मूळव्याध आली. पण गेला होता तो जहाजाचा मागचा भाग. नकाशावर नेमका तिथे चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता, म्हणून काकांनी तेवढा भाग छायाचित्रांवरून केला होता. खिडक्यांच्या ओळी, नक्षी, कोपऱ्यातले सज्जे. आठ महिन्यांचं काम. आणि आता वाचनात आलं की १८४५ च्या दुरुस्तीत जहाजाच्या मागच्या भागाचा आकारच बदलला होता. म्हणजे काकांचं जहाज पुढून १८१७ चं आणि मागून १८४५ चं. अठ्ठावीस वर्षांचा फरक.

"कोण बघणार आहे?" मी म्हणालो. माणूस दुःखात असताना असं बोलू नये.

"मी बघतोय ना," काका म्हणाले, आणि कटर उचलला. डाग कुणाच्या कपाचा यावर मात्र आजही एकमत नाही. काकू म्हणतात त्या चहा पितच नाहीत.

त्याच सुमाराला मुलाने हार्टलपूलचं तिकीट काढतो म्हणून सांगितलं. नऊ वर्षांत मला काकांची खरी भीती दिसली ती तेव्हा. आधी गुडघे काढले, मग व्हिसा काढला, मग तिथली थंडी. मी एकटा सापडल्यावर म्हणाले, "तिथे जाऊन खरं बघितलं, तर मग काय काय चुकलंय ते कळेल रे. इथवर आलोय. आपलं पूर्ण झालं की जाऊ." बारा ऑक्टोबर हा जलावतरणाचा दिवस ठरलेला, फक्त वर्ष दरवर्षी पुढे जातं. एक वर्षी तांबं राहिलं. तळाला लावायचे पत्रे सतरा मिलिमीटर बाय पाचचे, एकेक कापून. एक वर्षी शिडाच्या दोऱ्यांवर चढायच्या शिड्या राहिल्या. त्या शिड्यांना खुंटगाठी मारायला मला बसवलं. स्काउटमध्ये मी खुंटगाठीत पहिला आलो होतो, हे मी एकदा बोलून गेलो होतो. माणसाने बढाया कुणासमोर मारू नयेत हे तेव्हा कळलं. अडीच महिने रविवारी दुपारी. मारलेल्या प्रत्येक गाठीची वहीत नोंद. माझ्या नावे पाचशे बारा गाठी आहेत, त्यातल्या एकोणचाळीस नामंजूर.

यंदा बारा ऑक्टोबरला काहीच राहिलं नव्हतं. काकूंनी आदल्या दिवशी टेबल पुसून घेतलं, म्हणजे जहाजाच्या भोवतीने जेवढं दिसतं तेवढं. सगळी सोसायटी जमली. वास्तुशास्त्रवाल्या बाई, इतिहासप्रेमी, दूधवाला, बांगड्यांच्या दुकानातली ती मुलगीसुद्धा. हळदकुंकू, नारळ, पेढे. परातीत पाणी होतं. मुलगा बोस्टनहून फोनच्या पडद्यावर. तीन डोलकाठ्यांवर दोऱ्यांचं जाळं असं ताणलं होतं की एकही दोरी कुठेतरी पोचल्याशिवाय राहिली नव्हती. आम्ही सगळे जरा गप्पच झालो.

काकांनी नारळ हातात घेतला. आणि थांबले.

"झेंडा," ते म्हणाले.

"काय झालं झेंड्याला?"

"१८६४ च्या आधी इंग्रजी आरमारात तीन झेंडे होते. लाल, पांढरा, निळा. ज्या तुकडीत जहाज, त्या तुकडीचा रंग. त्या दिवशी यावर कुठला होता, ते बघायला लागेल. एखादं पत्र टाकतो ग्रिनिचला." आवाज खिन्न होता, पण चेहऱ्यावर नक्की खिन्नताच होती असं मी शपथेवर सांगणार नाही. नारळ खाली ठेवला गेला. पेढ्याच्या ताटाकडे लोकांनी आशेने पाहिलं.

काकू आत गेल्या. शिवणाचा डबा घेऊन आल्या. त्यातून त्यांनी एक कागदाची पुडी काढली आणि काकांच्या हातावर उघडली. त्यात तीन झेंडे होते. बोटाच्या पेराएवढे. एक लाल, एक पांढरा, एक निळा; कोपऱ्यात इंग्रजांचं ते उभं-आडवं-तिरकं चिन्ह, तेही रेशमाने भरलेलं.

"तिन्ही करून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "कुठला का असेना."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. काकांनी भिंग खाली ओढलं. लाल झेंडा उजेडाला धरला. पांढरा धरला. निळा धरला. मग पुन्हा लाल.

"टाका मोठा आहे," ते म्हणाले. "दोन मिलिमीटर. एकास बहात्तर म्हणजे पावणेसहा इंच. पावणेसहा इंचांच्या टाक्याने शिवलेला झेंडा वाऱ्यावर टिकेल का?"

"मशीन नऊ वर्षं तुमच्या दोरांना दिलंय," काकू म्हणाल्या. "हाताने घातलेत."

काका काही बोलले नाहीत. काकूंनी त्यांच्या हातातून पुडी परत घेतली, सोफ्यावर बसल्या, चष्मा चढवला आणि सुईत दोरा ओवला.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांत उसवून परत घालते."

आम्ही पेढे घेतले आणि आपापल्या घरी गेलो.